उडीनंतर बाकाकडे बघायचं नाही

परवा सईचा फोन आला. सई म्हणजे माझी मुलगी. दोन राज्यं पलीकडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. एरवी तिचा फोन आला की कुकरच्या किती शिट्ट्या आणि हिंग फोडणीत आधी की नंतर, एवढीच चौकशी असते. परवा मात्र म्हणाली, "आई, थँक्सगिव्हिंगला येतेय ना मी, तर माझ्या स्केट्सना धार लावून ठेवशील? आय मिस द आइस."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग गॅरेजमध्ये गेले. गणपतीच्या मखराचं खोकं, मागच्या भाडेकरूने सोडलेली शिडी, बंद पडलेला मिक्सर, या सगळ्याच्या मागे ती निळी बॅग होती. चेन उघडली तर आतून तोच वास आला. ओलं चामडं, रबर आणि थोडासा घाम. कोणाला सांगितलं तर हसतील, पण मी ती बॅग उघडी ठेवून बराच वेळ तिथेच उभी राहिले. दोन वर्षं त्या स्केट्सना कुणाचा हात लागला नव्हता.

आज सकाळी गाडीच्या काचेवर या मोसमातलं पहिलं गोठलेलं दहिवर होतं. काच खरवडायचं खुरपं दर वर्षी पहिल्या दहिवराला सापडत नाही, तसं आजही सापडलं नाही. लायब्ररीच्या जुन्या कार्डाने काच खरवडली, बोटं बधिर करून घेतली आणि निघाले. बोस्टनजवळच्या आमच्या श्रूजबरीत ऑक्टोबर असा येतो. एका आठवड्यात मेपलची पानं लाल होतात, पुढच्या आठवड्यात ती लोकांच्या अंगणात गोळा होतात, आणि सगळे कौतुकाने फोटो काढत असतात. मला मात्र ऑक्टोबर आला की पानांआधी बर्फ आठवतो. आकाशातला नव्हे, तो पडायला वेळ असतो. तळ्याच्या पलीकडच्या त्या पत्र्याच्या रिंकमधला, माणसांनी पाणी गोठवून केलेला.

खरं तर बर्फाचं आणि माझं नातं अकोल्याचं. आमच्या गल्लीच्या टोकाला बर्फाचा कारखाना होता. मे महिन्यात डांबर पायाला चिकटायचं, तेव्हा लग्नघरांसाठी तिथून लाद्या निघायच्या, तागाच्या पोत्यात गुंडाळलेल्या, वर लाकडाचा भुसा. हातगाडी गेली की मागे रस्त्यावर पाण्याची रेघ उरायची आणि आम्ही मुलं तिच्यावर अनवाणी पाय ठेवत चालायचो. बर्फ म्हणजे वितळायच्या आत पळवायची गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं. त्याच्यावर उभं राहायचं, वर उडी मारायची आणि परत त्याच्यावरच उतरायचं, हे कळायला मला इतक्या लांब यावं लागलं.

सईच्या शेवटच्या मोसमातला तो हिवाळा मला सगळ्यात जास्त आठवतो. ती सोळा वर्षांची होती. पहाटे रिंकच्या दारात गाड्यांचे दिवे एकामागून एक विझायचे. आत पांढऱ्या दिव्यांचा झगझगाट, झांबोनी नावाची ती बर्फ गुळगुळीत करणारी गाडी आपल्या शेवटच्या फेरीत असायची, आणि तिच्यामागे बर्फ ओल्या पाटीसारखा काळसर चमकायचा. आम्ही आया लाकडी बाकावर ओळीने बसायचो. अंगावर घरातली जुनी पांघरुणं, हातात थर्मास. माझ्या थर्मासमधल्या आल्याच्या चहाचा वास सुटला की बाकीच्या बायका माझ्या बाजूला सरकायच्या. आणि बर्फाच्या मधोमध काळा कोट घातलेली, ताठ पाठीची एक बाई उभी असायची. तिचं नाव लिदिया पावलोव्हना.

सगळं रिंक तिला कोच लिदा म्हणायचं. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला बजावलं की मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, वडिलांचं नाव पुढे लावतात. तिच्या वडिलांचं नाव पावेल, म्हणून पावलोव्हना. बाकीच्या आया बुचकळ्यात पडल्या. मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. माझ्याही नावाच्या मध्ये आधी अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मग मंदार, म्हणजे माझा नवरा, येऊन बसलेले आहेतच की! सईने ते नाव लगेच उचललं. ती बाईंना पूर्ण नावाने हाक मारायची, म्हणून बाई तिच्यावर जरा जास्तच ओरडायच्या. त्यांच्यात प्रेमाची तीच पद्धत असावी.

त्यांचं ओरडणं मुख्यतः एकाच गोष्टीवरून असे. सईला सवय होती, उडी मारून उतरली की मान वळवून बाकाकडे बघायची. नीट उतरली तरी बघायची, आपटली तरी बघायची. मी दिसले की पुढे जायची.

"आईकडे बघायचं नाही!" बाईंचा आवाज त्या पत्र्याखाली घुमायचा. "आई गुण देणार आहे का? समोर बघ!"

सई मान डोलवायची आणि पुढच्या उडीनंतर पुन्हा बघायची. मी आपली थर्मासमध्ये तोंड घालून बसायचे.

या बाई एके काळी युरोपात पहिल्या आल्या होत्या, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं नाही. कुणीतरी जुना व्हिडिओ शोधून काढला. धुरकट चित्र, अठरा वर्षांची एक मुलगी, केस घट्ट बांधलेले. ती वर जाते आणि खाली यायचं विसरल्यासारखी क्षणभर तिथेच राहते. मी तो व्हिडिओ बाकावर बसून बघत होते आणि समोर तीच बाई एका सहा वर्षांच्या मुलीच्या बुटाची नाडी बांधत होती. इतकं उंच गेलेलं माणूस आता इथे गुडघ्यावर बसून नाड्या बांधतंय, असं मनात आलं. पुढे ओळख झाल्यावर मी हे त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "नाडी सैल असेल तर उडी नाही. नाडी महत्त्वाची." त्यांचं इंग्रजी असं तुकड्या-तुकड्यांचं होतं, आणि माझ्या मनात ते मराठीतही तसंच उमटत असे.

ओळख चहामुळे झाली. एक दिवस त्या थेट माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वास चांगला आहे." मी झाकणात चहा ओतून दिला. त्यानंतर रोज, झांबोनी फिरत असताना, त्या माझ्याशेजारी बसायच्या. तेवढ्या वेळात त्यांचं आयुष्य मला मिळालं, एकेका झाकणाएवढं.

उरल डोंगरांजवळचं एक कारखान्याचं गाव. चार मजली इमारती आणि मध्ये अंगण. थंडी सुरू झाली की वडील अंगणात नळी लावून पाणी सोडायचे आणि सकाळपर्यंत तिथे बर्फ तयार व्हायचा. लिदाचे पहिले स्केट्स मावसभावाचे, इतके मोठे की पुढे लोकरीचे बोळे कोंबावे लागत. आई दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात काम करता करता खिडकीतून बघायची. लिदा गिरकी घेऊन मान वर करायची. आई असली तर काचेवर टकटक करायची.

नवव्या वर्षी कुणा बड्या प्रशिक्षकाच्या नजरेत ती भरली. त्याने तिला दूरच्या मोठ्या शहरातल्या क्रीडाशाळेत नेलं. तिथे खोलीत आठ मुली. सकाळी वजन व्हायचं, मग अर्धं सफरचंद. घरी फोन करायचा नाही, कारण फोन केला की मुली रडतात आणि रडल्या की उड्या बिघडतात. "बरोबर होतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उड्यांसाठी बरोबर होतं."

ती जिंकली तेव्हा आईने ते शेजारणीच्या टीव्हीवर पाहिलं. टीव्ही काळा-पांढरा. सगळी इमारत त्या एका खोलीत गोळा झाली होती. काही आठवड्यांनी बोलणं झालं तेव्हा आईने एकच विचारलं, "झगा कोणत्या रंगाचा होता गं? मला करडा दिसला." लिदा म्हणाली, रोवनच्या फळांचा. तिकडे अंगणाअंगणात रोवनची झाडं असतात, त्यांना हिवाळ्यात केशरी-लाल फळांचे घोस लागतात. आई म्हणाली, "असेल. मला करडाच दिसला."

आईने तिला स्पर्धेत समोर बसून कधीच पाहिलं नाही. पल्ला लांब, कारखान्यातून रजा नाही, शाळेची परवानगी नाही. दर वेळी काहीतरी आडवं यायचं. मग लिदाचा गुडघा गेला. मग तिचा देशच बदलला, पगार मिळेनासे झाले, आणि एका बर्फावरच्या करमणुकीच्या कंपनीबरोबर ती अमेरिकेत आली. युरोपात पहिली आलेली बाई इथे गावोगाव पेंग्विन होऊन नाचली. "चांगला पेंग्विन," त्या म्हणाल्या. "सगळ्यात चांगला." आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरच्या मुली थांबून बघायला लागल्या. मग झांबोनीचं दार बंद झालं, त्यांनी झाकण माझ्या हातात दिलं आणि बर्फावर जाऊन पुन्हा ओरडायला सुरुवात केली.

नोव्हेंबरात सईची एक छोटी चाचणी होती. आमच्याकडे परीक्षेला जाताना हातावर दही-साखर देतात, आणि मी काही अमेरिकेत आले म्हणून ते सोडलेलं नाही. डबीत दही नेलं होतं. बर्फावर उतरायच्या आधी सईला म्हटलं, "हात पुढे कर."

"आई, प्लीज. नॉट हिअर."

"हात."

तिने हातमोजा काढून हात पुढे केला आणि तेवढ्यात बाई आल्या. "काय आहे हे? दूध? उडीच्या आधी दूध?" सईने घाईघाईने दही चाटलं, त्यातलं थोडं तिच्या काळ्या झग्यावर सांडलं, आणि बाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता मलाच बर्फावरून फिरवतात. रुमाल ओला करून त्यांनी डाग पुसला, सईला ढकलून बर्फावर सोडलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "हे कशासाठी?"

मी सांगितलं. कामाला, परीक्षेला, प्रवासाला निघताना देतो. देणारं माणूस घरातलं असावं लागतं.

त्या कठड्यावर हात ठेवून सईकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आम्ही बसतो."

"म्हणजे?"

"प्रवासाला निघताना. सगळे बसतात. खुर्चीवर, सामानावर, कुठेही. एक मिनिट. बोलायचं नाही. मग उठायचं आणि निघायचं." पुढे म्हणाल्या, "मी नऊ वर्षांची. आई, वडील, मी. सुटकेसवर बसलो. पाय जमिनीला पोचत नव्हते."

डिसेंबरात अकोल्याहून भावाचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, पण आई अन्नाला तोंड लावत नव्हती आणि सारखं माझं नाव घेत होती.

आता इथल्या लोकांना यातली गोम सांगावी लागत नाही. तिकडच्या वाचकांसाठी सांगते. माझ्या पासपोर्टातल्या व्हिसाचा शिक्का संपला होता. इथे राहायला, नोकरी करायला कागद ठीक होते, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येण्यासाठी भारतातल्या कचेरीत जाऊन नवा शिक्का घ्यावा लागणार, आणि त्याच्या तारखा महिनोन्‌महिने मिळत नव्हत्या. ऑफिसातला प्रत्येक मराठी माणूस मला समजावत होता. कुणाचा मेहुणा चार महिने अडकला, कुणाची नोकरीच गेली. "आत्ता नको जाऊस यार, उन्हाळ्यात बघ." मंदार म्हणाला, "जाऊ नको असं मी म्हणत नाही. पण सईची फेब्रुवारीतली स्पर्धा, तुझा जॉब, सगळंच..." व्हिडिओवर आई म्हणायची, "नको येऊस. मी ठणठणीत आहे." तिच्या गालाची हाडं दिसत होती. मला आईकडे जायचं होतं. दिवसरात्र दुसरं काही सुचत नव्हतं, आणि तरी मी तिकीट काढत नव्हते.

एका सकाळी बाकावर बसल्या बसल्या मला रडू आलं. बाई चहासाठी आल्या तेव्हा मी झाकण उघडलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. शिक्का, तारखा, स्पर्धा, आई.

त्या माझ्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "माझे वडील गेले तेव्हा मोसम होता. प्रशिक्षक म्हणाले, स्पर्धेनंतर जा. मी स्पर्धेनंतर गेले." अंगणात नळी गुंडाळून ठेवलेली होती, आणि त्या हिवाळ्यात तिथे कोणी पाणी सोडलं नाही, एवढं त्यांनी सांगितलं.

मी म्हटलं, "परत येता आलं नाही तर? सईची स्पर्धा..."

"स्पर्धा दर वर्षी." त्यांनी माझ्या हातातला थर्मास काढून घेतला आणि बाकावर ठेवला. "सई माझ्याकडे. तू जातेस. आता बसू."

"आपण बसलोच आहोत."

"हे नाही. हे चहाचं बसणं. आता जाण्याचं बसू."

आणि आम्ही बसलो. समोर मुली गिरक्या घेत होत्या, पात्यांचा खरखर आवाज येत होता. बाईंनी हात मांडीवर ठेवले होते, शाळेतल्या मुलीसारखे. मिनिट झाल्यावर त्या माझ्या गुडघ्यावर थोपटून उठल्या. मी गाडीत जाऊन तिकीट काढलं.

आईने मला पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "किती वाळलीस!" हाडाचा सापळा झालेली बाई मला हे सांगत होती. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातची मुगाची खिचडी खाल्ली. तिसऱ्या दिवशी मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, तेव्हा भाऊ म्हणाला, आता काळजी नाही. सगळे म्हणाले होते तसंच झालं आणि मी अडकले. शिक्क्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. ऑफिसने बिनपगारी रजा दिली आणि वर नापसंतीही कळवली. पण अकोल्याची ती थंडी! सकाळचं कोवळं ऊन अंगणात यायचं, आईला खुर्चीत बसवून मी तिच्या पायांना तेल लावायचे आणि ती हजार गोष्टी विचारायची.

"सई बर्फावर घसरते म्हणे?"

"घसरत नाही गं. स्केटिंग करते."

"म्हणजे मुद्दाम घसरते."

"हो. मुद्दाम."

"आणि पैसे देता त्याचे?"

मी हसत होते आणि मनात पोरीसाठी तुटत होते. तिकडे पहाटे मंदार उठत होता. एरवी अलार्म चार वेळा पुढे ढकलणारा माझा नवरा बर्फातून गाडी काढून सईला नेत होता, आणि बाकावर बसून माझ्या थर्मासमध्ये कॉफी पीत होता. सई फोनवर म्हणायची, "बाबा झोपतो बाकावर. लिदिया पावलोव्हना त्याला उठवतात." मग हळूच, "तू कधी येशील?"

स्पर्धेच्या दिवशी इकडे दिवेलागण झाली होती, तिकडे सकाळ. मंदारने फोन कठड्यावरून धरला. आई माझ्या खांद्याला टेकून, चष्मा पुसून, सज्ज. पडद्यावर आधी छत दिसलं, मग मंदारचा अंगठा, मग सई. केस घट्ट बांधलेले, ओठ पांढरे पडलेले. तिच्या शेजारी काळा कोट.

बाईंनी खिशातून एक डबी काढली. झाकण उघडलं. सईला काहीतरी म्हणाल्या. सईने हातमोजा काढला आणि हात पुढे केला. बाईंनी चमच्याने तिच्या तळहातावर पांढरा गोळा ठेवला आणि त्याच्यावर लाल काहीतरी.

"दही वाटतं?" आई म्हणाली.

मंदारचा आवाज आला, "सावर क्रीम आहे, आंबट साय. वरती चेरीचा जॅम. मी सांगितलं त्यांना दही वेगळं, पण त्या म्हणाल्या, सगळं एकच."

सईने डोळे मिटून ते खाल्लं. एकही थेंब सांडला नाही. बाईंनी तिची हनुवटी वर केली, झगा बघितला आणि तिला बर्फावर सोडलं. मला रडायला येत होतं आणि हसायलाही. आईने माझा हात घट्ट धरला होता.

सई पहिल्या मोठ्या उडीला पडली, आणि आई "अगं बाई!" म्हणून ओरडली. ती उठली. पुढची उडी नीट उतरली. उतरली आणि तिने मान वळवून बाकाकडे पाहिलं. बाकावर मी नव्हते. मंदारने फोन डोक्याच्या वर धरला होता. ती त्या फोनकडे बघत होती, आणि मी अकोल्यात पलंगावर बसून फोनमध्ये हात हलवत होते. तिला तो दिसणं शक्यच नव्हतं. लांबून बाईंचा आवाज आला, "समोर बघ!"

सई कितवी आली ते आता नीट आठवतही नाही. पहिल्या तिघींत नव्हती. आईला मात्र दुसरंच काही सुचलं होतं.

"ती कोटवाली बाई कोण?"

मी सांगितलं. सगळं. उरलचं गाव, नऊ वर्षांची पोर, करडा झगा.

"तिची आई आहे का?"

"आहे. अठ्ठ्याऐंशीची आहे. डोळ्यांनी कमी दिसतं. तिकडेच असते, त्याच घरात."

"मग ही अमेरिकेत काय करतेय?"

मी म्हटलं, आई, तिकडे जायला सरळ विमान नाही आता, लढाई चाललीय, हिचं काम अमेरिकेत, भाडं, मुली, किती गोष्टी असतात.

आईने ऐकून घेतलं. म्हणाली, "असतात. तुझ्यापण होत्या. तिने तुला पाठवलं ना? तिला सांग म्हणावं, अकोल्याची म्हातारी म्हणते, आता तू जा."

शिक्का मिळाला तेव्हा मार्च उजाडला होता. परत आल्यावर पहिल्याच पहाटे मी बाकावर होते. सई उडी मारून उतरली, वळली, मला पाहिलं, आणि तिथेच बर्फावर उभी राहून ढसाढसा रडली. त्या दिवशी बाई ओरडल्या नाहीत. झांबोनी सुरू झाल्यावर मी चहा ओतला आणि आईचा निरोप सांगितला. त्यांनी झाकण दोन्ही हातांत धरलं. मग म्हणाल्या, "तुझी आई ओरडते का?"

"खूप."

"चांगली प्रशिक्षक झाली असती."

मोसम संपल्यावर मे महिन्यात त्या आईकडे जायला निघाल्या. बोस्टनच्या विमानतळावर सोडायला मी आणि सई त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीवर एकही पदक नाही. सुटकेस उघडीच होती, आणि कपड्यांच्या सगळ्यात वर, पातळ कागदात, तो झगा. त्यांनी कागद बाजूला केला. मी व्हिडिओत पाहिलं होतं ते धुरकट. खरा रंग असा होता की सई "वाव" म्हणून तिथेच थांबली. पारिजातकाच्या देठांचा ढीग लावला तर दिसेल तसा.

"आईला दाखवायचाय," त्या म्हणाल्या.

मग आम्ही बसलो. बाई सुटकेसवर, सई जमिनीवर, मी एकुलत्या एका खुर्चीत. मिनिट झालं, त्या उठणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा. हात." घरी लावलेलं दही होतं, साखर घातलेली. त्यांनी तळहात पुढे केला. चाखलं, विचार केला आणि म्हणाल्या, "हे वेगळं आहे."

"तेच सांगत होता मंदार."

"जॅम हवा होता," त्या म्हणाल्या. विमानतळावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ती त्यांची शिस्त होती, मला माहीत होतं, तरी मी काचेपाशी उभी राहिले.

त्या परत आल्या नाहीत. आईला सोडून कशा येणार? सईने नव्या प्रशिक्षकाकडे काही महिने काढले. तो कधी ओरडायचाच नाही, म्हणून तिचं मन लागेना, आणि पुढे कॉलेजच्या धांदलीत स्केट्स मखरामागे गेले. गेल्या वर्षी माझी आई गेली. या वेळी शिक्का होता, विमान होतं, तरी मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या हिवाळ्यातलं कोवळं ऊन आणि तेलाची वाटी माझ्यापाशी आहे. ते नसतं तर मी काय केलं असतं, मला कल्पना करवत नाही. तरी आई नाही ती नाहीच. मला तिची इतकी आठवण येते की कधी कधी रस्त्यावर गाडी बाजूला घ्यावी लागते.

बाईंचा एक व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. त्या आईकडे परतल्या त्याच वर्षीच्या थंडीतला, कुणा शेजाऱ्याने काढलेला. चार मजली इमारती आणि मधलं अंगण. कुणीतरी पाणी सोडून बर्फ केलाय. काळा कोट घातलेली पासष्टीची बाई सावकाश गोल फिरतेय. झगा आता अंगात जाणं शक्य नव्हतं, म्हणून तिने तो गळ्याभोवती मफलरसारखा बांधलाय. सगळ्या करड्या अंगणात तेवढा एकच रंग. ती वेग घेते, वळते आणि उडते. अगदी लहानशी उडी, सहा वर्षांच्या मुली मारतात तेवढी. उतरते, आणि उतरताक्षणी मान वर करते. व्हिडिओ काढणारा गोंधळून फोन वर फिरवतो. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसते, आणि काचेवर एक म्हातारा हात. आवाज नीट येत नाही, पण हात टकटक करतोय हे दिसतं.

खाली त्यांनी लिहिलं होतं, "आई म्हणते, रंग दिसला."

आज रिंकवर पोचले तेव्हा धार लावणाऱ्या माणसाने अर्धा तास थांबायला सांगितलं. मी माझ्या जुन्या बाकावर बसले. नवी मुलं, नव्या आया, सगळ्यांच्या माना फोनमध्ये. चहा आणला नव्हता, त्याची चुटपुट लागली. धार लागून स्केट्स आले तेव्हा मी ते मांडीवर ठेवून फोटो काढला आणि लिदिया पावलोव्हनांना पाठवला. लिहिलं, सई येतेय, पुन्हा बर्फावर उतरायचं म्हणतेय.

तिकडे संध्याकाळ असावी. उत्तर लगेच आलं.

"नाडी घट्ट. तू बाकावर बस, फोन बघू नको. आणि सईला सांग, उडीनंतर आईकडे बघायला माझी परवानगी आहे."

मी फोन पर्समध्ये ठेवला. निघायचं होतं, म्हणून एक मिनिट तिथेच बसले.